शाळेत असतानाच डॉक्टरकीची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलांना ॲनाटॉमी, म्हणजे शरीररचना, शिकवते. ओळखीतल्या कुणाचं मूल आठवी-नववीत गेलं की फोन येतो, "डॉक्टर व्हायचंय म्हणते, आत्तापासून काय करायला हवं?" प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. काही प्रश्न मुलांचे आहेत, काही आईवडलांचे. ज्याचा प्रश्न, त्याच्याशीच बोलल्यासारखं लिहिलं आहे.

इतक्या लवकर ठरवायलाच हवं का?

नाही. पंधराव्या वर्षी आयुष्याचा निर्णय पक्का झाला असं सांगणाऱ्या मुलांची मला उलट थोडी काळजीच वाटते. ठरवू नकोस, फक्त दार लावून घेऊ नकोस. दार लागतं ते विषय निवडताना. केमिस्ट्री जड जाते म्हणून सोडली आणि दोन वर्षांनी मेडिकलला जावंसं वाटलं, तर परतीची वाट फार लांबची पडते. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हातात ठेव, गणित जमेल तितकं ओढ. मग मन बदललं तरी काही बिघडत नाही. हेच विषय घेऊन इतर पन्नास गोष्टी करता येतात.

प्रवेश नेमका कसा मिळतो? प्रत्येक जण वेगळंच सांगतो.

कारण प्रत्येक जण वेगळ्या देशाबद्दल बोलत असतो. इंटरनेटवरचा निम्मा सल्ला अमेरिकेतल्या मुलांसाठी लिहिलेला असतो आणि वाचणारा भलतीकडेच बसलेला असतो.

अमेरिकेत शाळेतून थेट मेडिकलला क्वचितच कुणी जातं. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट ही परीक्षा, मग चार वर्षं एमडी किंवा डीओ (या तिथल्या डॉक्टरकीच्या पहिल्या पदव्या) आणि पुढे शाखेनुसार तीन ते सात वर्षं रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात काम करत घेतलेलं प्रशिक्षण. पदवी इतिहासातली असली तरी चालते, ठरावीक सायन्सचे विषय झालेले असले म्हणजे झालं. काही विद्यापीठं शाळा संपतानाच पदवी आणि एमडीची जागा एकत्र देतात, पण अशा जागा मोजक्याच. ब्रिटनमध्ये शाळेतून थेट पाच किंवा सहा वर्षांचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी यूकॅट नावाची परीक्षा लागते आणि बहुतेक ठिकाणी ए-लेव्हलला, म्हणजे तिथल्या बारावीला, केमिस्ट्री हवीच. तिथला अर्ज ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जावा लागतो, म्हणजे वर्ग सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी. हे उशिरा कळून हळहळणारे दर वर्षी भेटतात. बीमॅट ही तिथली दुसरी परीक्षा २०२३ नंतर बंद झाली आहे, तिची जुनी पुस्तकं घेऊन बसू नकोस. भारतात सगळा भार 'नीट' या प्रवेशपरीक्षेवर : १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले निम्मे बायोलॉजीचे. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ वजा. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण लागतात. पुढे साडेचार वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप. जर्मनीत सहा वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि पहिल्या राज्यपरीक्षेच्या आत रुग्णालयात ९० दिवस नर्सिंगची सेवा करावीच लागते. बरीच मुलं शाळा संपल्या संपल्या ती उरकून घेतात. अंथरुणं बदलायची, रुग्णांना भरवायचं, बेडपॅन उचलायचं. मला विचाराल तर ही पद्धत सगळीकडे आणायला हवी.

आता यातून काय घ्यायचं? जिथे एका परीक्षेवर प्रवेश होतो, तिथे प्रमाणपत्रांच्या फाइलला कुणी विचारत नाही. जिथे अर्ज, निबंध आणि मुलाखत असते, तिथे नुसते गुण पुरत नाहीत. आपण कुठल्या रांगेत उभे आहोत ते आधी त्या त्या कॉलेजच्या अधिकृत पानावर जाऊन बघ. काकांच्या मित्राच्या मुलाने काय केलं त्यावर जाऊ नकोस, नियम दर काही वर्षांनी बदलतात.

बायोलॉजी आवडते, पण फिजिक्स-केमिस्ट्री-गणित कशाला? पुढे तर लागतच नाही.

असं म्हणणारे डॉक्टरही आहेत. त्यांनी सकाळपासून दहा वेळा गणित केलेलं असतं, फक्त त्याला ते गणित म्हणत नाहीत.

१८ किलोचं तापाने फणफणलेलं मूल समोर आहे. पॅरासिटामॉल द्यायचं, दर किलोला १५ मिलिग्रॅम. म्हणजे २७० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम. किती मिलिलिटर द्यायचं? ५.४. सोपं आहे, मान्य. आता हेच पहाटे तीनला, शेजारी आई रडत असताना कर. दशांश चिन्ह एक घर सरकलं तर काय होईल, ते गृहपाठाच्या वहीत कळत नाही.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. एक आजार हजारात एकाला होतो. त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून 'आजार आहे' असं सांगते. तुझा अहवाल पॉझिटिव्ह आला, तर तुला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? १९७८ मध्ये हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या ६० जणांना हा प्रश्न विचारला गेला, त्यात विद्यार्थी होते तसे मुरलेले डॉक्टरही होते. सर्वांत जास्त जणांनी दिलेलं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर सांगणारे निघाले ११. पेन घेऊन बसलं तर दोन मिनिटांचं काम आहे. हजार जणांत आजारी एक. उरलेल्या ९९९ पैकी ५ टक्के, म्हणजे साधारण ५० जणांचा अहवाल उगाचच पॉझिटिव्ह. ५१ पॉझिटिव्ह, त्यातला खरा एक. सुमारे २ टक्के. शाळेतलं संभाव्यतेचं प्रकरण 'ऑप्शनला टाकू' म्हणणाऱ्यांनी हा हिशोब एकदा वहीत करून बघावा.

केमिस्ट्रीबद्दल एवढंच सांगते : रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ च्या चिंचोळ्या पट्ट्यात कसा राहतो हे समजायला शाळेतलंच बफर द्रावण (थोडं आम्ल मिसळलं तरी सामू फारसा न बदलणारं) लागतं. मेडिकलच्या दारात सायन्स बसवण्यात १९१० च्या फ्लेक्सनर अहवालाचा मोठा हात आहे. अब्राहम फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हता, शिक्षक होता. अमेरिका आणि कॅनडातली १५५ मेडिकल कॉलेजं त्याने पाहिली. कित्येक ठिकाणी प्रयोगशाळा नावापुरती होती आणि शाळा पुरी न केलेल्यालाही प्रवेश होता. अहवालानंतर त्यातली बरीचशी बंद पडली.

मेडिकल म्हणजे सगळं पाठांतरच ना? माझं पाठांतर कच्चं आहे.

पाठांतर भरपूर आहे, खोटं कशाला सांगू. पण 'पाठांतर कच्चं आहे' असं म्हणणाऱ्या दहांपैकी नऊ जणांची रीत चुकलेली असते. पान वाचायचं, पिवळ्या पेनाने रंगवायचं, पुन्हा वाचायचं. तिसऱ्यांदा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि आपण समजतो की येतंय. चेहरा ओळखणं वेगळं, नाव आठवणं वेगळं.

२००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. एका गटाने उतारा वाचून पुन्हा वाचला. दुसऱ्याने एकदा वाचून, मिटवून, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारेच थोडे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर त्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

माझ्याकडे एक मुलगी होती, पहिल्या चाचणीत जेमतेम तरलेली. तिला म्हटलं, रोज सकाळी कोऱ्या कागदावर ब्रॅकियल प्लेक्सस काढ, न बघता. हाताला जाणाऱ्या नसांचं ते जाळं : पाच मुळं, तीन खोडं, सहा फाटे, तीन दोर आणि शेवटी पाच मुख्य नसा. पहिल्या दिवशी तिने मुळं काढली आणि पेन्सिल थांबली. चुकलेलं लाल पेनाने दुरुस्त करायचं, कागद फेकून द्यायचा, दुसऱ्या दिवशी नवा. नवव्या-दहाव्या दिवशी माझ्याशी बोलता बोलता तिने ते काढून टाकलं. तू हेच हृदयातल्या रक्ताभिसरणावर करून बघ. पुस्तक मीट, कोरा कागद घे, डाव्या जवनिकेतून निघालेला रक्ताचा थेंब पायाच्या अंगठ्यापर्यंत जाऊन परत कसा येतो ते काढ. अडशील तिथेच तुझा अभ्यास आहे. आणि मध्ये दिवस जाऊ दे : आज, परवा, आठवड्याने, महिन्याने.

माझं माध्यम मराठी आहे. मेडिकलमधले अगडबंब शब्द झेपतील का?

ते शब्द इंग्रजी माध्यमाच्या मुलांनाही परकेच असतात, कारण ते मुळात ग्रीक आणि लॅटिन आहेत. इथे सगळे एकाच रेषेवरून धावायला लागतात.

शब्द फोडायला शिक. 'कोलेसिस्टेक्टमी' ऐकून घाबरायला होतं. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टमी म्हणजे कापून काढणं. पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया, संपलं. 'ऑटमी' म्हणजे नुसता छेद, 'ऑस्टमी' म्हणजे शरीरात नवी वाट उघडून ठेवणं, 'आयटिस' म्हणजे सूज-दाह. हायपो-ग्लायस-ईमिया : कमी, साखर, रक्तात. असे शंभरेक तुकडे वहीच्या मागच्या पानावर जमव, हजारो शब्द आपोआप उलगडतात. मराठी मुलांना संधी-समास फोडायची सवय असतेच, तीच इथे वापरायची.

आणि आपली भाषा टाकून देऊ नकोस. रुग्ण 'कॉलिकी पेन' म्हणत नाही. तो म्हणतो मुरडा येतो, कळ येऊन जाते. ठणकतं म्हणतो, चमक निघते म्हणतो, जळजळतं म्हणतो, मुंग्या येतात म्हणतो. यातला प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला बोट दाखवतो. थांबून थांबून येणारी कळ म्हटली की आतड्याकडे किंवा मूत्रनलिकेकडे लक्ष जातं, ठणका म्हटला की आत पू झालाय का ते बघायचं, चमक आणि मुंग्या म्हटलं की नस. 'दुखतं' एवढाच एक शब्द माहीत असलेल्या डॉक्टरला रोगी अर्धाच ऐकू येतो.

रक्त पाहिलं की मला चक्कर येते. म्हणजे संपलंच ना?

मुळीच नाही. डिसेक्शन हॉलच्या, म्हणजे मृतदेहावर शरीररचना शिकवतात त्या खोलीच्या, पहिल्या दिवशी मी स्वतः भिंतीला पाठ लावून खाली बसले होते. फॉर्मॅलिनचा वास डोळ्यांत झोंबत होता, कानांत शिट्टी वाजायला लागली आणि समोरचं टेबल लांब लांब जायला लागलं. एका सीनिअरने न बोलता स्टूल पुढे सरकवलं. आज तिथेच शिकवते.

यात भित्रेपणा वगैरे काही नाही. रक्त पाहून नाडी आणि रक्तदाब एकदम उतरतात, मेंदूला रक्त कमी पडतं, माणूस कोसळतो. त्यावर उपायही साधा आहे. स्वीडनमधल्या लार्स-योरान ओस्ट या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात तो मांडला : हात, पाय आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, मग वीस-तीस सेकंद सोडायचे, असं पाच वेळा. आवळल्याने रक्तदाब वर राहतो. घरी बसून सराव कर, मग शस्त्रक्रियेचं चित्र बघताना, मग व्हिडिओ बघताना. उपाशीपोटी जाऊ नकोस, गुडघे ताठ करून उभं राहू नकोस. आणि चक्कर येते असं वाटलं तर लाजेखातर उभं न राहता खाली बस. पडून डोकं फोडून घेतलेली मुलं पाहिली आहेत. रक्त न बघताही वारंवार चक्कर येत असेल, तर मात्र आधी स्वतःला तपासून घे.

डॉक्टरांबरोबर बसून त्यांचं काम बघता येईल का? काय बघायचं?

येईल, विचारावं लागेल. मोठी रुग्णालयं वयाची अट घालतात, सोळा किंवा अठरा. ओळखीच्या डॉक्टरांना दोन ओळींचं सरळ पत्र लिही : मी कोण, कशासाठी, किती दिवस. नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नकोस, तो दवाखाना रुग्णांसाठी आहे, तुझ्यासाठी नाही.

गेल्यावर आजारांची नावं टिपत बसू नकोस, ती पुस्तकात आहेत. डॉक्टर खुर्ची कुठे ठेवतात, वाईट बातमी सांगताना आधी किती वेळ गप्प बसतात, पोट तपासताना हाताकडे बघतात की रुग्णाच्या चेहऱ्याकडे, ते बघ. (चेहऱ्याकडेच बघायचं असतं. दुखलं की ते आधी चेहऱ्यावर उमटतं.) एखादा दिवस नर्सबरोबर, एखादा प्रयोगशाळेत काढ. संध्याकाळी वहीत दहा ओळी लिही, पण नाव, गाव, तारीख, ओळख पटेल असं काहीही नको. मोबाइल दप्तरात. 'नाव घातलं नव्हतं' म्हणून टाकलेल्या स्टेटसवरून शेजाऱ्यांनी माणूस ओळखला, असं घडलेलं मला माहीत आहे. रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची, लस झाली आहे का, हेही एकदा घरी विचारून घे.

दवाखान्यात सोय झाली नाही, तर वृद्धाश्रमात जा. आठवड्यातून एक तास, तोही वर्षभर. कुणाला वर्तमानपत्र वाचून दाखव, तीच गोष्ट चौथ्यांदा सांगणाऱ्या आजोबांचं चौथ्यांदाही ऐक. इथे कंटाळा आवरता आला तर ओपीडीत आवरता येईल.

एका गोष्टीला मात्र माझा ठाम विरोध आहे. पैसे घेऊन शाळकरी मुलांना गरीब वस्त्यांत नेणाऱ्या आणि तिथे इंजेक्शनं द्यायला, टाके घालायला लावणाऱ्या सहली असतात. जे तुझ्या स्वतःच्या आजीवर तुला करू दिलं नसतं, ते दुसऱ्या कुणाच्या आजीवर करायचं नाही.

प्रथमोपचाराचा कोर्स करू का?

कर, याच वर्षी. कुणाचं हृदय बंद पडलं तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात पाच ते सहा सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागे दोन श्वास. वाचायला सोपं, पुतळ्यावर दोन मिनिटांत हात भरून येतात.

ऑलिंपियाड, शोधनिबंध, क्लबचं अध्यक्षपद, किती गोष्टी कराव्यात?

आवडतं ते एक-दोन, आणि टिकून. मुलाखत घेणाऱ्यांना अकरा ठिकाणी नाव नोंदवलेलं मूल लगेच ओळखू येतं. तीन वर्षं तबला शिकलेला मुलगा 'बोल बसत नव्हता तेव्हा काय केलं' यावर दहा मिनिटं बोलू शकतो. दहावीतल्या मुलाच्या नावावर विकतचा शोधनिबंध असेल, तर त्यावर दोन वाक्यंही निघत नाहीत.

मुलाखतीची तयारी शाळेत असताना होते का?

पाठ केलेल्या उत्तरांची होऊ नये. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला एक पद्धत काढली, ती आता बऱ्याच देशांत आहे. एका मोठ्या मुलाखतीऐवजी छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीत काही मिनिटं आणि नवा प्रसंग. उदाहरणार्थ : तुझ्या मित्राने प्रयोगाचे आकडे खोटे लिहिलेत, तुला कळलंय, तो आता आत येतोय. बोल. इथे एकच बरोबर उत्तर नसतं. दुसरी बाजू ऐकून घेतोस का, घाईने निकाल देतोस का, ते बघतात. त्यासाठी जेवताना घरच्यांशी वाद घाल, फक्त मध्येच बाजू बदलून.

माझी मुलगी पहाटेपर्यंत जागून अभ्यास करते. डॉक्टर व्हायचं म्हणजे सवय लागायलाच हवी ना?

नको, ताई. तेरा ते अठरा वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं आहे, आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात मुरतं ते झोपेतच. रात्रपाळी करायला पुढे आयुष्य पडलंय. आत्ता तिच्या खोलीतला दिवा तुम्ही घालवा.

तिला खरंच आवड आहे की आमचाच हट्ट, हे कसं ओळखायचं?

'डॉक्टर का व्हायचंय' असं विचारू नका, त्याचं उत्तर सगळ्यांचं पाठ असतं. घरात कुणी आजारी पडलं की ती काय करते ते बघा. प्रश्न विचारते का? गोळीच्या पाकिटावरचा कागद वाचते का? की पाणी देऊन निघून जाते? दोन्हीत वाईट काही नाही, पण फरक आहे. आणि एकदा तिला स्पष्ट सांगा की नाही म्हणालीस तरी आम्ही रागावणार नाही. सांगून झाल्यावर खरंच रागावू नका.

माणसांबद्दल ओढ आहे पण डॉक्टरकी नको, असंही असतं. फिजिओथेरपी, नर्सिंग, औषधनिर्माण, दृष्टितपासणी, वाचाउपचार, सार्वजनिक आरोग्य हे सगळे रस्ते आहेत. त्यांना 'नाही मिळालं म्हणून' असं घरात म्हणू नका, ते काम करणाऱ्यांना ऐकू जातं.

पहिल्या प्रयत्नात प्रवेश नाही मिळाला तर?

पुन्हा परीक्षा देणारे माझ्या वर्गात दर वर्षी असतात आणि दोन महिन्यांत कुणाचा कितवा प्रयत्न ते कुणाच्या लक्षातही राहत नाही. एवढंच बघ, की दुसऱ्या वेळी काय वेगळं करणार ते कागदावर लिहिता येतंय का. 'जास्त अभ्यास करीन' हे वेगळं नव्हे. लिहिता येत नसेल, तर वर्ष घालवण्याआधी थांबून विचार कर.

पहिल्या वर्षाची पुस्तकं आत्ताच आणून वाचू का?

नको. जाड असतात, महाग असतात, आणि आत्ता वाचलेलं तोपर्यंत विसरशील. अगदीच राहवत नसेल तर हाताचा अंगठा वर ताण, कुणाला 'झकास' म्हणून दाखवतो तसा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाजूला दोन दोऱ्या उभ्या राहतील आणि त्यांच्यामध्ये एक खळगा पडेल. पूर्वी लोक त्यात चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे, म्हणून ॲनाटॉमीत त्याचं नावच तपकिरीची डबी. त्यात दुसऱ्या हाताचं बोट हलकेच टेकव. खाली जे कडक लागतं ते स्कॅफॉइड नावाचं हाड. कुणी हातावर पडलं आणि नेमकं तिथे दाबल्यावर दुखलं, तर एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही तरी ते हाड मोडलेलं नाही यावर डॉक्टर सहजासहजी विश्वास ठेवत नाहीत. आता बोट जरा स्थिर ठेव. काहीतरी उडतंय ना? ती रेडियल रोहिणी आहे.